आतून बघणारी

तीन महिने वेंदेलला छान वाटत होतं, आणि नेमकं म्हणूनच त्याला पुन्हा रुग्णालयात जायचं नव्हतं.

टोल्चवा गावात द्राक्षांची काढणी तोंडावर आलेली. अंगणात मळेवाल्यांची चार लाकडी वाइनची पिंपं वेंदेलकडून लोखंडी पट्टे चढवून घ्यायची थांबली होती. वसंतात हातोडा उचलला की त्याच्या छातीत नुसता गोंधळ उडायचा. नाडी कधी उधळायची, कधी दडी मारायची. मग डॉक्टर हार्कानींनी छातीच्या हाडाखाली छोटीशी चीर देऊन हृदय बाहेरच्या अंगाने डागलं. विजेचे भलते प्रवाह जिथून उठतात, तिथे डागण्यांचं कुंपणच घातलं. हे अर्धंच काम, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. उरलेलं अर्धं डॉक्टर सेन्द्रेईबाई करणार, मांडीच्या शिरेतून नळी सारून, आतून. कुंपणात फट राहिली असेल तर तिथूनच कळते. ती तशीच राहिली तर पुन्हा तोच गोंधळ, आणि एखादी गुठळी मेंदूत गेली की खेळ खलास.

"फट राहिलीच नसेल तर?" वेंदेल बायकोला म्हणाला. "गोळ्यांवर मस्त चाललंय. आता आत कशाला नाक खुपसायचं?"

टेर्का आलुबुखारांच्या बिया काढत होती. "राहिली नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, नावाजलेला माणूस आहे तो. हात बघितलेस त्याचे?"

"तुझे बघितलेत की चाळीस वर्षं!"

हे त्याला झोंबलं. खोलीएवढ्या पिंपांच्या खालच्या दारातून फक्त टेर्काच आत मावायची. बाहेर वेंदेल पट्टे ठोकून छातीठोकपणे सांगायचा, थेंब गळणार नाही. आत मिट्ट काळोखात ती बसलेली. थोड्या वेळाने लाकडातून आवाज यायचा, "वेंदेल, उजेड येतोय रे!" केसाएवढी फट असायची. बाहेरून नाक लावून बघितलं तरी दिसायची नाही.

"किती वेळा झालं असेल तसं?" त्याने न राहवून विचारलं.

"अकरा."

"मोजत बसली होतीस?"

"मग अंधारात काय विणकाम करू?"

वेंदेलच्या डोक्यात भुंगा शिरला. हृदयात तर उजेडच नाही. मग ही बाई आत बघते तरी काय? भीतीपेक्षा ही उत्सुकताच त्याला रुग्णालयात घेऊन गेली.

टेबलावर तो अर्धवट गुंगीत होता. शेजारच्या पडद्यावर रंगीत हृदय गोल फिरत होतं.

"काय दिसतं हो आत?"

"वीज, वेंदेल काका. जांभळं आहे तिथे वीज पोचते. लाल आहे तिथे बंद."

लाल पट्ट्यातून एक बारीक जांभळी रेघ आरपार गेलेली त्याला दिसली. "आणि ती?"

सेन्द्रेईबाईंनी नळी जरा वळवली. "फट. चार मिलिमीटर. गोळ्यांनी दबून होती इतकंच."

त्यांनी तिथेच डाग दिला. छातीत ऊन ऊन वाटलं आणि रेघ पुसली गेली. बाईंनी आतून विजेचे हलके ठोके देऊन पाहिले. एकही पलीकडे गेला नाही.

सकाळी हार्कानी सहा विद्यार्थ्यांना घेऊन आले. टेर्का खाटेशी बसली होती. आता हा सारवासारव करणार, असं वेंदेलला वाटलं.

"फट माझ्याकडून राहिली होती," हार्कानी सरळ म्हणाले. "सेन्द्रेईबाईंना सापडली. तुम्ही बरे झालात ते त्यांच्यामुळे." आणि कागदावरही त्यांनी तसंच लिहिलं.

वेंदेल बघतच राहिला. सहा जणांसमोर असं म्हणता येतं तर! त्याने जन्मभर मळेवाल्यांना सांगितलं होतं, फट मी शोधली. त्याला स्वतःची लाज वाटली.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "टेर्का, पाद्र्याचं पिंप गळलं होतं ना... तू उजेड म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. तसंच पाठवलं."

"माहीत आहे मला," टेर्का म्हणाली. "पाद्री घरी आला होता, तू नव्हतास. मी सांगितलं, आत बघायला मीच चुकले."