पूर्णा बोटीचं किट

थांबा, चहाला नंतर जाऊ, आधी माझं ऐका. शिवकन्ये, तूबी बस.

तुमाला माझा मावसभाऊ योगीदादा माहीत हाय ना, सेलूचा, ठिबकचं दुकान हाय त्याचं. पाइप, फिल्टर, नोझल, तेच सगळं. पण त्याला नाद हाय लढाऊ बोटींचा. खऱ्या न्हाई गं, छोट्या. किट येतं त्याचं. डब्यात प्लास्टिकचे शेकडो तुकडे, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हातभर लांब बोट तयार, हुबेहूब. मी मेंदी काढते, माझा हात हलत न्हाई, म्हणून बारके आकडे अन् कठडे माझ्याकडं. तिसरा आदिनाथदादा, पूर्णा जंक्शनला रेल्वेत हाय, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. आमी तिघंच. बाकी अख्खं सेलू आमाला येडं म्हणतंय.

आता अमेरिकेच्या, जपानच्या बोटींची किटं ढिगानं मिळतात. आपल्या नेव्हीच्या नव्या बोटींचं कुणी काढतच न्हाई. अन् आमाला पाहिजे होती पूर्णा. आयएनएस पूर्णा, क्षेपणास्त्रवाली लढाऊ बोट, फ्रिगेट म्हणतात तिला. आपल्या नदीच्या नावाची, सांगा. उन्हाळ्यात इथं नदीत बकरी भिजत न्हाई अन् तिच्या नावाची बोट तिकडं समुद्रात फिरायली. मी शाळेत होते तवापासून आमी तिच्या किटची वाट बघायलोय. बाहेरदेशची एक कंपनी हाय, ती दरवर्षी लोकांना विचारते, पुढं कोणती बोट काढू. दरवर्षी आमी पूर्णा लिहायचो. दादा तर बायकोच्या, राजेश्रीवहिनीच्या फोनवरून बी लिहायचा. वहिनी म्हणायची, माझ्या नावानं आणखी काय काय मागितलंय ते एकदा सांगा.

किट येईना तर दादानं बोट स्वतःच बनवली. पीव्हीसीचे पत्रे कापून, फोटो बघून बघून. सगळं मिळालं, एक जागा सोडून. मागं हेलिकॉप्टरचं गॅरेज असतं ना, त्याच्या छतावर काहीतरी बसवलेलं हाय अन् त्याच्यावर कायम ताडपत्री. कोणताबी फोटो काढा, ताडपत्रीच. नेव्हीवाले मुंबईला बोटी लोकांना दाखवतात तवा दादा रात्रभर प्रवास करून गेला. तरी ताडपत्री. हा मान वाकडी करून बघायलाय तर तिथला जवान म्हणला, आगे चलिए.

मंग अंदाज. दादाचा नियम हाय, डोळ्यानं बघितलं न्हाई ते रंगवायचं न्हाई. अंदाजाचा तुकडा पांढराच सोडायचा, म्हंजे बघणाऱ्याला कळतं की हे आमाला माहीत न्हाई. दादानं तिथं एक गोल तुकडा बसवला अन् पांढरा सोडला. पण दोन-तीन वर्षांमागं गणपतीत मंडळानं बोट मांडायला मागितली. पोरं त्याच्या मागंच लागली, दादा एवढी भारी बोट अन् मधीच डाग, रंग संपला का. दोन दिवस ऐकून घेतलं त्यानं, तिसऱ्या दिवशी वैतागला अन् स्वतःच्या हातानं राखाडी मारला. आदिनाथदादानं फोटो काढले अन् नेटवर टाकले. कुठल्या कुठल्या देशाच्या लोकांनी वा वा केलं. झालं, विसरलो आमी.

आता मागच्या शनिवारी मी दुकानातच होते. आदिनाथदादाचा फोन. म्हणला, "योग्या, आली. पूर्णा आली. कंपनीनं जाहीर केलं, दिवाळीत डबा हातात." दादा मटकन पाइपाच्या वेटोळ्यावर बसला. मी नाचायले. एक पाव्हणं फिल्टर घ्यायला आलं होतं, ते म्हणलं, पोरगी झाली का. दादा म्हणला, हो. खरंच म्हणला गं.

आदिनाथदादा ड्युटी बदलून दुपारच्या गाडीनं आला, पेढे घेऊन. कंपनीनं नमुन्याचे फोटो टाकले होते. आमी तिघं एका फोनवर डोकी घालून. पुढची तोफ बघ, रडार बघ, आदिनाथदादाच्या डोळ्यात पाणी. अन् दादाचं बोट गॅरेजच्या छतावर अडलं. बोटानं फोटो मोठा करायलाय, अजून मोठा करायलाय. मी म्हणले, "काय झालं?" दादा उठला, मागच्या खोक्यात हात घातला अन् एक ड्रिपर आणून फोनच्या बाजूला ठेवलं.

ड्रिपर म्हंजे ठिबकच्या नळीला लावतात ते बटन. त्यातून थेंब थेंब पाणी पडतंय. कापसाला, मोसंबीला.

तेच. छतावर तेच. दादानं अंदाजानं बसवलेला तुकडा म्हंजे त्याच्याच दुकानातलं ड्रिपर होतं, अन् कंपनीनं ते जसंच्या तसं काढलेलं. नळीत खुपसायचं टोक दादानं ब्लेडनं कापलं होतं, जरा तिरकं गेलं होतं. ते तिरकं बी उतरवलं त्यांनी. आईशपथ. एवढी मोठी कंपनी, अन् तिनं आमच्या गणपतीतल्या फोटोवरून बोट काढली.

आदिनाथदादानं पेढ्याचा डबा पुढं सरकवला. मंग म्हणला, "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," दादा म्हणला.

"तू गप बस ना मंग. पेढा खा."

"आदिनाथ, लढाऊ बोटीवर मोसंबीचं ड्रिपर हाय."

"असू दे ना. पाणी तर हायच तिथं."

मला हसू आलं, पण दादाचं तोंड बघून गिळलं. राजेश्रीवहिनी चहा घेऊन आली, तिला सगळं सांगितलं. ती म्हणली, "आमचं नाव तरी टाकलं का त्यांनी डब्यावर?"

"नाव नको मला," दादा म्हणला. "मी इतकी वर्षं का थांबलो? ताडपत्रीखाली काय हाय ते किटमधी तरी कळंल म्हणून. तर डब्यातून मीच निघालो."

आदिनाथदादानं त्याच्या हातातून फोनच घेतला. "हे बघ योग्या, तू कळवलंस तर ते किट थांबवतील. मंग मीबी न्हाई, तूबी न्हाई, देशात कुणीच पूर्णा बनवणार न्हाई. एका बटनापायी."

"आर्पे, टाइप कर," दादा मला म्हणला.

मी काय करणार. इंग्लिश माझं बरं हाय म्हणून दर वेळी मीच सापडते. ईमेल लिहिला, ड्रिपरचा फोटो, शेजारी आमच्या बोटीचा फोटो, हा तुकडा आमचा अंदाज हाय, चुकून रंगवला गेला, माफ करा. पाठवला. आदिनाथदादा पेढे तसेच ठेवून गेला.

अन् काल उत्तर आलं. मी सेलूलाच होते, आदिनाथदादाबी आलेला, रुसलेला होता पण आलेला. मला वाटलं शिव्या असतील. न्हाई. कंपनीवाले म्हणतात, धन्यवाद, आमी तीन जाणकारांना विचारलं होतं, तिघांनी बरोबर हाय म्हणून सांगितलं. आता कळलं की तिघंबी तुमचाच फोटो बघून सांगायलेत. तो तुकडा आमी बदलतो, दिवाळीला किट काढतो. फक्त तिथं खरं काय हाय तेवढं या आठवड्यात कळवा.

ऐकलं का. आमाला विचारायलेत.

आदिनाथदादा ताडकन उठला. "सुटलो. लिही, छोटा रडार हाय. आर्पे, लिही, गोल रडार, वर झाकण."

"कुणी बघितला?" दादा.

"कुणीच न्हाई बघितला, तेच तर. तू म्हणशील ते तिथं होईल. अख्ख्या दुनियेत तेच लागंल. तुला कळायलंय का?"

मला कळलं बघा. हा सेलूत बसून म्हणंल ते लोक जपानमधी चिकटवतील. दादाला बी कळलं असणार. पायानं पाइपाचा तुकडा इकडून तिकडं करायलाय. मला वाटलं हा हो म्हणतोय. खरं सांगू, म्हणावं असंच वाटत होतं मला.

मंग म्हणला, "लिही. माहीत न्हाई."

"दादा, एवढंच?"

"आमाला माहीत न्हाई. एवढंच."

पाठवलं. अन् कंपनीवाले जागेच असतील, अर्ध्या तासात उत्तर. दोन ओळी. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. खात्रीची माहिती मिळेपर्यंत पूर्णेचं काम थांबवलंय.

मी ते मोठ्यानं वाचलं. आदिनाथदादानं पिशवी उचलली, चप्पल घातली अन् स्टेशनाकडं निघाला. दादा म्हणला, "आर्पे, जा गं त्याच्या मागं. मी गेलो तर भांडण होईल."

मी गेले. तो फलाटावर टोकाच्या बाकड्यावर बसलेला, फोन डोळ्याला लावल्यासारखा जवळ धरून. मी शेजारी बसले. मी म्हणले, दादावर चिडू नको, त्यालाबी लय वाईट वाटायलंय. पूर्णेकडं जाणारी गाडी आली, थांबली, लोक चढले, उतरले. मी म्हणले, आदिनाथदादा, गाडी. तो उठंना. गाडी सुटली बी.

मंग फोन माझ्यासमोर धरला. तोच ताडपत्रीचा फोटो, मोठा करून करून नुसते चौकोन दिसायलेत.

म्हणला, "इकडं बघ, या कोपऱ्यात ताडपत्री जरा उचललेली हाय. आर्पे, खरंच काय असंल गं तिथं?"