ऐंशी सेंटिमीटर

जपानमधल्या सुवा गावी आमच्या कारखान्यात मी तपासनीस होते. दोन मीटर लांब तांब्याच्या रुळावर हिऱ्याच्या टोकाने केसाहून बारीक खाचा कापायच्या. त्या रुळावरून प्लॅस्टिकचे तक्ते दाबून काढत आणि ते मोठ्या टीव्हीच्या पडद्यांना जात. एक रूळ कापायला साठ तास लागत. तेवढा वेळ यंत्राच्या खोलीत कुणी जायचे नाही. माणसाच्या अंगाच्या उबेनेही तांबे फुगते.

कापणारे मोगीसान. एकोणीसशे ब्याऐंशी सालापासून हिरा तेच बसवत. मी सांगतेय त्या वर्षी त्यांचे लागोपाठ दोन रूळ वाया गेले. दिव्याखाली धरले की दोन अंधुक पट्टे दिसत.

"हात थरथरतोय माझा," मोगीसान म्हणाले. "तिसराही बिघडला की मी घरी. राजीनाम्याचा अर्ज देऊन आलोय मालकांकडे."

"हिरा बसवल्यावर तुमचा हात यंत्राला लागतो कुठे?"

"किनुएसान, तुम्ही पट्टे बघा. हात मी बघतो."

म्हणून मी पट्टे बघितले. फूटपट्टी लावली. दोन्ही रुळांवर पहिला पट्टा कडेपासून अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर, दुसरा त्याच्यापुढे ऐंशीवर. हिरा चोवीस तासांत ऐंशी सेंटिमीटर सरकतो. कापायला सुरुवात संध्याकाळी सहाला. हिशेब सकाळी साडेआठवर आला.

साडेआठला आम्ही तीसही जण अंगणात असायचो. रेडिओच्या संगीतावर रोजचा सामूहिक व्यायाम. मालक उशियामासान स्वतः पुढे उभे राहत. त्यात शेवटाकडे उड्या होत्या.

मोगीसानना सांगितले, तर ते घाबरले. "मालकांच्या उड्यांना नावं ठेवायची? त्यापेक्षा माझा हातच खराब असू दे."

मी एकटीच गेले. मालकांनी फूटपट्टी हातात घेतली, बराच वेळ बघितली.

"सगळ्यांच्याच उड्या?"

"हो."

"माझ्यासुद्धा?"

"तुम्ही यंत्राच्या खोलीला सगळ्यात जवळ उभे असता."

त्यांनी मान हलवली. "व्यायाम बंद होणार नाही. बावीस वर्षं चाललाय."

तिसरा रूळ लागला. दुसऱ्या दिवशी साडेआठला नेहमीप्रमाणे संगीत लागले. उड्यांची पाळी आली तसे मालक टाचा जमिनीला टेकवून नुसते गुडघे वाकवू लागले. मागे आम्ही तीस जणही, तोंडे गंभीर ठेवून. लेखनिक तोमोएबाई मधल्यामध्ये कुजबुजल्या, "शौचाला बसल्यासारखं वाटतंय." कुणी हसले नाही, हसण्यानेही जमीन हलेल अशी भीती होती. तिसऱ्या दिवशीही तसेच.

चौथ्या दिवशी रूळ दिव्याखाली धरला. कडेपासून कडेपर्यंत एकसारखी चमक. मोगीसाननी दोनदा वाकून बघितले.

"हात ठीक आहे म्हणायचा," ते म्हणाले आणि अर्ज परत मागायला गेले.

मालक म्हणाले, "तो फाइलला लागला. आता तसा काढता येत नाही. अर्ज परत मिळावा असा अर्ज करा."

मोगीसाननी तिथेच उभ्याने लिहिला. कारण काय, तर "हात बरा आहे". मालकांनी शिक्का मारला. मोगीसान पुढे अकरा वर्षे राहिले.