जिन्यावरच्या चाळीसजणी

सोमवारी प्रार्थना संपल्यावर नववीच्या चाळीस मुली वर्गात न जाता जिन्यावरच बसल्या, आणि मुख्याध्यापकांनी मला खाली पाठवलं. "तुम्ही जुन्या आंदोलक. तुमचं ऐकतील," ते म्हणाले.

यात त्यांची काही चूक नव्हती. मी याच शाळेत शिकले, आता इथेच उपमुख्याध्यापिका आहे. आम्ही मुलींनी स्वच्छतागृहासाठी तीन दिवस संप केला होता, ही हकीकत मी दर वर्षी निरोप समारंभात सांगते. सांगता सांगता मी त्यात दर वर्षी थोडी पुढे सरकत गेले. गेल्या वर्षी तर फाटक अडवून मी एकटीच उभी होते.

तर मी तोऱ्यात जिना उतरले. घोषणा वगैरे काही नव्हत्या. मुली मांडीवर वह्या घेऊन गणितं सोडवत होत्या. जिला आम्ही स्टाफरूममध्ये वकिलीणबाई म्हणतो, तिने मागण्यांचा कागद माझ्या हातात दिला. प्रत्येक दाराला कडी, नळाला पाणी, पॅड टाकायला झाकणाचे डबे आणि कुलूप लावलेली दोन टॉयलेट उघडून द्यावीत.

मी घसा साफ करून सुरुवात केली. आमच्या वेळी दोनशे मुलींत एकच टॉयलेट होतं, तुम्हाला निदान चार आहेत, वगैरे. वकिलीणबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही आमचं टॉयलेट शेवटचं कधी बघितलंत?"

अकरा वर्षं मी शिक्षिकांचं टॉयलेट वापरतेय, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. आत्ता बघते म्हणाले आणि निघाले. ती मागोमाग आली.

चारपैकी दोन दारांना कुलूप. फटीतून पाहिलं, तर आत मोडके बाक छतापर्यंत रचलेले. ते तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं, तात्पुरते, तीन वर्षांपूर्वी. तिसऱ्यात घाण तुंबलेली. चौथ्याला कडीच्या जागी भोक, आणि त्यातून एक नाडी बाहेर लोंबत होती. ती मैत्रिणीने बाहेरून ओढून धरायची.

आणि ब्लडप्रेशरच्या गोळीची कृपा अशी, की मला नेमकं तेव्हाच जावं लागलं. शिक्षिकांचं टॉयलेट दोन मजले वर, मध्ये जिन्यावर चाळीसजणी.

"जा मॅडम, मी धरते," वकिलीणबाई म्हणाली.

आत गेल्यावर माझा सगळा रुबाब उतरला. नाडी धरलीस ना गं, असं मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती हो म्हणाली. नळ कोरडाच होता. बाहेर आल्यावर तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं.

त्यानंतर 'आमच्या वेळी' म्हणायला जीभ रेटेना. मी जिन्यावर टेकले आणि खरं काय ते सांगून टाकलं. तीन दिवस संप झाला, पण तो तिघींनी केला. मी पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत भूक लागली म्हणून घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींचं माफीपत्र मीच लिहून दिलं. त्या तिघींना पंधरा दिवस शाळेबाहेर काढलं. पुढे कडी बसली, तेव्हा ती वापरायला मात्र मी रांगेत पहिली.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग फाटकापाशी कोण होतं?" मागून एकीने विचारलं.

"माझी आई. मला न्यायला आली होती."

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. मला मुलींमध्ये बसलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. मीही संपावर बसले असा त्यांचा समज झाला. खरं तर माझे गुडघे धरले होते आणि उठता येत नव्हतं. तसं सांगणारही होते, पण चाळीसजणी माझ्याकडे बघत होत्या. म्हणून म्हटलं, बाक आज हलतील, कड्या बसेपर्यंत मुली इथेच बसतील, आणि मीसुद्धा. शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही.

बाक संध्याकाळपर्यंत हलले. कड्या बुधवारी बसल्या, तोवर दोन्ही दिवस मी डबा तिथेच खाल्ला. पाण्याला तीन आठवडे लागले, झाकणाचे डबे अजून यायचेत. मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आणि शिक्षा म्हणून दर शुक्रवारी टॉयलेटच्या तपासणीचं काम दिलं. मी प्रामाणिकपणे जाते. परवा साबण संपला होता, तर वकिलीणबाईने मला चारचौघींत झापलं. मी सॉरी म्हटलं आणि साबण आणायला गेले.