गिरणीमागचे कान

खुमेंद्रच्या तळपायांवर पट्टा पडायला लागला तेव्हा रविता भिंतीच्या अलीकडे हेडफोन लावून बसली होती, आणि तरीही तिला तो ऐकू येत होता. गिरणीचाच जुना पट्टा, रबराचा, चार बोटं रुंद. आधी त्याचा चट्ट आवाज यायचा, मग माणसाचा. आणि हे सगळं भर दुपारी हो! बाहेर हमरस्त्यावरून रायपूरचे ट्रक धडधडत चाललेत, बांध्यांमध्ये बाया धान कापताहेत, आणि इथं आत माणूस सोलणं सुरू आहे.

सडक अर्जुनीच्या अलीकडची ही राईस मिल कधीचीच बंद पडलेली. लोकांना वाटायचं, कोणाचं तरी गोदाम असेल. पाटी नाही, बोर्ड नाही. आत मात्र थंडगार खोल्या, मशिनी, वायरींचं जंजाळ आणि लोकांचे फोन ऐकायचं काम. वरून परवानगी होती ती जंगलातल्या मोजक्या बंदूकधारी लोकांच्या नंबरांची. पण एकदा मशीन हाती आल्यावर कोण थांबतो? मास्तर, नर्सबाई, सरपंच, नागऱ्याच्या महादेवाला जायचं ठरवणाऱ्या बाया, सगळ्यांचंच बोलणं इथं यायला लागलं. इन्चार्ज चंद्रकुमार म्हणायचा, "मच्छी पकडायची तर जाळं पूर्ण तलावावर टाकावं लागतं." मोठा आला मच्छीवाला!

आता साहेब लोक बाहेरचे. त्यांना झाडीबोली कुठून कळणार? म्हणून रविताला नोकरीवर घेतलं होतं. ऐकायचं आणि सोपं करून टाईप करायचं. तिनं ही नोकरी पोटासाठी धरली नव्हती. तिचा बाप इंदरलाल पोलीस पाटील होता. जंगलातल्या लोकांनी त्याला 'मुखबीर', म्हणजे पोलिसांचा खबऱ्या म्हणून घरातून ओढून नेलं, चावडीसमोर गुडघ्यावर बसवलं आणि सगळ्या गावादेखत गोळी घातली. रविता तेव्हा दारात उभी होती. त्या दिवसापासून तिच्या पोटात जी आग पेटली, ती विझली नव्हती. साऱ्या जिल्ह्याचे फोन ऐकले तरी चालतील, पण दुसऱ्या कोणाचा बाप असा जाऊ नये, असं तिला वाटायचं. वाटणारच की.

मग तो कॉल आला. एक दणदणीत आवाज बोलत होता, "मंडईच्या दिवशी ठाणेदाराले संपवायचा. लाश तलावात ढकलायची. कोनाले खबर लागाले नको." रवितानं ते शब्दशः टाईप केलं आणि स्वतः उठून चंद्रकुमारच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धानाच्या बांधीतून खुमेंद्रला उचलला, हातातल्या विळ्यासकट.

आणि आता तो भिंतीपलीकडे ओरडत होता, "साहेब, नाटक हाय ते! मंडईचं नाटक हाय! रामलाल वाचून राहिला होता, म्या म्हनून राहिलो होतो!"

पट्टा बसला. कोणीतरी हसलं.

रवितानं तो कॉल पुन्हा लावला. प्रत्येक वाक्य दोनदा येत होतं. आधी हळू, सपाट, पोथी वाचावी तसं. मग तेच दणदणीत, छाती फाडून. पहिल्या वेळी तिला वाटलं होतं, लाईनमध्ये घोळ आहे, आवाज घुमतोय. म्हणून तिनं एकदाच टाईप केलं होतं.

आता झाडीपट्टीत जन्मलेल्या पोरीला हे कळू नये? इथं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकातले नट पाठांतर करत बसत नाहीत. आज या गावी राजा, उद्या त्या गावी खलनायक, पाठ करायला वेळ कोणाला? स्टेजच्या तोंडाशी प्रॉम्प्टर बसतो, तो वाचतो आणि नट म्हणतो. पब्लिकला दोन्ही ऐकू येतं, कोणाचं काही बिघडत नाही. रामलाल प्रॉम्प्टर फोनवरून खुमेंद्रची तालीम घेत होता, एवढंच. रविता लहानपणी बापाच्या मांडीवर बसून रात्ररात्र अशी नाटकं बघायची. पण 'ठाणेदार' आणि 'संपवायचा' हे शब्द कानी पडले, तिला चावडीसमोरचं रक्त दिसलं, आणि पुढचं काही तिला ऐकूच आलं नाही.

ती धावत भिंतीपलीकडच्या गोदामात गेली. खुमेंद्र उलटा पडला होता. पाय सुजून काळेनिळे, कानातून रक्त, तोंडाला कोंडा चिकटलेला. शिपाई नंदलाल पट्टा खांद्यावर टाकून पाणी पीत होता.

"साहेब, माही चुकी झाली," रविता म्हणाली. "ते नाटकच हाय. मारू नका त्याले."

चंद्रकुमारनं तिला बाजूला ओढलं. "मला सकाळीच समजलं ते. मंडईचं पोस्टरच सापडलं त्याच्या घरात."

"मंग काऊन मारून राहिले?"

"सुटला तर बोलेल ना! त्याच्या नंबरची परवानगी नव्हती आपल्याकडे. कोर्टात काय सांगू, गलतीसे सुन लिया? पूर्ण खोली बंद होईल. तुझ्या बापाला मारणारे अजून मोकळे फिरताहेत रविता, त्यांना कोण ऐकेल मग?"

"याचं काय करनार?"

"जंगल मोठं आहे," चंद्रकुमार म्हणाला.

रविता म्हणाली, "माह्या बापालेबी असंच नेलं होतं, साहेब. कोनीतरी कायतरी ऐकलं म्हनून."

त्यानं तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती पोत्यांवर जाऊन आदळली. नंदलालनं खुमेंद्रच्या पोटात लाथ घातली. मग दुसरी. रविता उठली आणि मागच्या, कोंडा टाकायच्या दारातून बाहेर पळाली.

वळसा घालून ती पुढच्या फाटकाबाहेर आली, तर तिथं ट्रॅक्टर उभा होता. खुमेंद्रला घेऊन जाणारी जीप गिरणीत वळताना कोणीतरी पाहिली होती, म्हणून गाव आलं होतं, आणि पुढे त्याची आई, जमुनाबाई. पहारेकरी सांगत होता, इथं कोणी नाही, जा.

"आत हाय तो!" रविता ओरडली. "जिवानिशी मारून राहिले त्याले. फाटक तोडा!"

जमावातून केवळराम नावाचा दांडगा माणूस पुढे आला. "तू कोन व बाई? तुले कसं मालूम? आमाले आत घुसवून केसमध्ये अडकवाचा डाव हाय का?"

"म्या आत काम करतो. तुमचे सगळ्यांचे फोन ऐकतो म्या."

"हॅट! फोन कोनी ऐकते का?"

कोणाचा विश्वास बसेना. आत एक किंकाळी उठली आणि मध्येच तुटली. रविताला वेड लागायची पाळी आली. समोरचे आवाज तिनं हेडफोनमधून कित्येकदा ऐकलेले होते. विश्वास बसण्याजोगं तिच्याजवळ तेवढं एकच होतं, आणि ते तिनं बाहेर काढलं.

"केवळरामभाऊ, परवा तुमी भाच्याले फोनवर म्हनलं, मोठ्या भावाच्या शेताच्या धुऱ्यावरचा सागवान म्याच कापला."

मोठा भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं केवळरामकडे पाहिलं. केवळरामचा चेहरा पांढराफटक पडला.

"जमुनाबाई, तुमी बहिनीले सांगतलं, छातीत गाठ हाय, मंडई होईपर्यंत पोराले सांगू नको."

जमुनाबाईचा हात आपसूक पदरावर गेला. सगळ्या बाया तिच्याकडे वळल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मात्र पटलं. पटलं आणि भडका उडाला. पहिला ठोसा केवळरामचा, तो रविताच्याच तोंडावर. ओठ फाटला, दात हलला. कोणी केस धरले, कोणी लाथ घातली. "आमच्या घरातलं ऐकत होती, रांड!" ती खाली पडली तरी एकच ओरडत होती, "मले मंग मारा! आधी त्याले काढा! आधी त्याले काढा!" शेवटी जमुनाबाईच लोकांना ढकलत किंचाळली, "माहा पोरगा, रे!" तेव्हा कुठे ते भानावर आले. ट्रॅक्टर मागे घेतला आणि सरळ फाटकावर घातला. फाटक आडवं झालं. हातात कुदळी, विळे, सापडेल ते. पहारेकऱ्याचं डोकं फुटलं, मशिनींच्या काचा फुटल्या, वायरी उपटल्या. चंद्रकुमार आणि नंदलाल जीप काढून सुसाट पळाले. पळता पळता जीपनं ट्रॅक्टरचं पुढचं चाक उडवलं आणि एक म्हातारा चिरडता चिरडता वाचला.

खुमेंद्रला पोत्यावर घालून बाहेर आणला. जिवंत होता. पोट मात्र फुगून दगडासारखं कडक झालं होतं आणि ओठ निळे पडत होते. आत कुठेतरी फुटलं होतं. ट्रॅक्टर मोडलेला. हमरस्त्यावरचे ट्रक रक्तानं माखलेला जमाव बघून वेग वाढवत होते.

"ॲम्ब्युलन्सले फोन लावा!" रविता जमिनीवरूनच ओरडली.

सगळ्यांचे हात खिशात गेले. आणि तिथेच थांबले.

फोन प्रत्येकाजवळ होता हो! पण आत्ताच तर कळलं होतं. आपण गिरणी फोडली, पहारेकऱ्याचं डोकं फोडलं, आता फोन लावला तर आपलंच नाव, आपलाच आवाज. यानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं दुसऱ्याकडे. केवळरामनं तर फोन बंदच करून टाकला. "तू लाव." "मीच कायले?" "तुह्या फोनवरून लाव ना!" एवढी दांडगी माणसं, फाटक पाडणारी, एक बटन दाबायला भ्यायली. रवितानं कंबर चाचपली. तिचा फोन आत जमा होता, चुराडा झालेल्या सामानात.

खुमेंद्रनं एकदा आईचा हात घट्ट दाबला. मग सोडला.

जमुनाबाईनं त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तिनं कमरेचा फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडून कोण्या पोरीचा आवाज आला, "नमस्कार, काय इमर्जन्सी आहे?"

"ऐका रे!" जमुनाबाई ओरडली. "जे जे ऐकून राहिले ते सगळे ऐका! म्या जमुना. माहा पोरगा मारला तुमी. नाटकातला खून खरा समजून मारला. आता या न्यायले! मलेबी न्या!"

पलीकडची पोरगी गोंधळून ताई ताई करत राहिली. जमुनाबाईनं फोन काही ठेवला नाही. ती रविताकडे वळली. आता ही मारणार, असं वाटून रवितानं डोळे मिटले. जमुनाबाईनं तिच्या तोंडासमोर फोन धरला.

"कोनं मारलं, सांग. नावं सांग."

ॲम्ब्युलन्सच्या या नंबरवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड होऊन साठतो आणि नंतर कोणाला खोडता येत नाही, हे तिथं रविताइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"चंद्रकुमार," ती म्हणाली. "दुसरा नंदलाल."

जमुनाबाईनं फोन तसाच धरून ठेवला होता.

"तिसरं नाव रविता. रविता इंदरलाल बिसेन. म्याच ऐकलं होतं."