दुसरा टप्पा

डॉक्टरबाईंनी दंडाला बांधायचा पट्टा गुंडाळून खोक्यात घातला, तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची निम्मी दाढी व्हायची होती. अण्णांचा वस्तरा हवेतच राहिला. ब्लड प्रेशरचं ते यंत्र गेली काही वर्षं आरशाखालच्या फळीवर, पावडरचा डबा आणि तुरटीच्या खड्याशेजारी, घरच्यासारखं नांदलं होतं.

"आता आमचं रक्त उकळतंय का ते कोण सांगणार?" फेसातून गिऱ्हाईक म्हणालं.

"घरी विचारा," अण्णा म्हणाले. बाकावरचे सगळे हसले. बाईही हसल्या, पण अण्णांकडे न बघता.

बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं होतं. यंत्र ठेवणाऱ्या आरोग्य संस्थेच्या प्रकल्पाची मुदत संपली होती. निष्कर्ष फार चांगले निघाले होते. दवाखान्याची पायरी न चढणारी माणसं सलूनच्या खुर्चीत बसून बिनतक्रार दंड पुढे करतात, गोळ्याही नेमाने घेतात, हे सिद्ध झालं होतं. सिद्ध झालं आणि संपलं. अण्णांनी गोळ्यांचं विचारलं. दर पंधरवड्याला संस्थेच्या नर्सबाई याच बाकावर बसून गोळ्या देत. आता सगळ्यांनी मोठ्या रुग्णालयात जायचं, तिथे मिळतात, असं बाई म्हणाल्या.

"तिथे जाणारी असती तर ही माणसं माझ्याकडे कशाला आली असती?"

बाईंनी खोक्याला चिकटपट्टी लावली. "मी वर सांगून पाहिलं, अण्णा. माझी नोकरीही या महिन्यापुरतीच आहे."

त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, त्यामुळे अण्णांना पुढे भांडताही येईना. ते उरलेल्या दाढीकडे वळले.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. फक्त थोरल्या भावासाठी ते अजून बारक्या होते. दादा वखारीत लाकूड कापायचे. जन्म करवतीजवळ गेल्यामुळे त्यांचे कान मंद झाले होते आणि आवाज चढला होता. दुकानात शिरून ते 'कानावरचे कमी कर रे' म्हणाले की रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. आईला मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा ती चालती-बोलती होती, आणली ती झाकून. तेव्हापासून दादांनी त्या इमारतीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. सलूनमध्ये यंत्र आलं तेव्हा बरेच दिवस ते त्यालाही बगल देत राहिले. शेवटी एकदा अण्णांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, डोक्याची एक बाजू कापून झाली, आता हा काही उठून पळत नाही अशी खात्री केली आणि मग पट्टा काढला. आकडा बघून नर्सबाई बाकावरून उठून आल्या.

दादांना काही पटत नव्हतं. आपल्याला काही होत नाही, जिना चढतो, दोन माणसांचं ओझं उचलतो, असं ते सगळ्या दुकानाला ऐकवत राहिले.

"दादा, तुला कुठेही जायचं नाही," अण्णा म्हणाले. "इथेच यायचं. गोळ्यांचं मी बघतो."

"तू बघणार ना? मग झालं."

संस्थेवर, नर्सबाईंवर किंवा औषधावर दादांचा विश्वास बसला असं नव्हतं. बारक्या म्हणतोय म्हणून ते गोळी गिळत होते.

यंत्र गेल्यावर अण्णांनी दादांचा पिच्छा पुरवला. कंटाळून दादा एकदा रुग्णालयात गेलेसुद्धा. सकाळभर रांगेत उभे राहिले, खिडकीशी पोचले आणि नेमकी तेव्हाच खिडकी बंद झाली. हा किस्सा त्यांनी सलूनमध्ये अशा काही रंगात सांगितला, खिडकीतल्या माणसाची अशी हुबेहूब नक्कल केली, की लोक पोट धरून हसले. अण्णाही हसले. दुसऱ्यांदा दादा गेले नाहीत. आपणच एक यंत्र आणावं असं अण्णांच्या मनात बरेच दिवस होतं. औषधांच्या दुकानात जाऊन ते हाताळूनही आले. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या तिथेही मिळत नव्हत्या, आणि गोळ्याच नाहीत तर आकडा कळून करायचं काय, असं वाटलं आणि आज-उद्या करता करता ते राहून गेलं.

हिवाळा सरता सरता दादा वखारीत, चालू करवतीपासून हातभर अंतरावर कोसळले. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

तेव्हापासून दुकानाच्या सुटीच्या दिवशी अण्णा त्यांची दाढी करायला जाऊ लागले. उजवा गाल सैल पडला होता. कातडी बोटांनी ताणून धरल्याशिवाय वस्तरा चालत नसे. इतकी वर्षं हात बसलेला माणूस, पण तिथे त्यांचा हात जड व्हायचा. दादांच्या घशातून मधेच काहीतरी उमटे. त्याचा अर्थ लावायचा अण्णा सुरुवातीला प्रयत्न करत. मग नुसतंच 'हो' म्हणू लागले.

वहिनींनी त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भावोजींमुळे मधली वर्षं तरी सुखाची गेली, असं त्या शेजारणींना सांगत, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून वस्तरा पुसत बसत. घरात दादा-वहिनींपलीकडे कुणी नव्हतं. मुलगी दिली होती लांब. ती येऊन रडून गेली होती.

मग संस्थेचे नवे डॉक्टर आले. तरुण, अदबशीर. गिऱ्हाईक उठेपर्यंत ते बाकाच्या कडेवर बसून राहिले. प्रकल्पाचा दुसरा टप्पा सुरू होत होता. मदत थांबल्यावर माणसांचं पुढे काय होतं, कोण औषध चालू ठेवतं, कोण सोडतं, कुणाला काय होतं, हे आता पाहायचं होतं. अण्णांसारखा भागीदार नसेल तर हे काम होणारच नाही, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. दादांचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. मग ते म्हणाले, की दादांचं माप मिळालं तर ते फार मोलाचं ठरेल.

"आणि गोळ्या?" अण्णांनी विचारलं.

"या टप्प्यात फक्त माहिती गोळा करायची आहे. हातात माहिती असली की वरच्या लोकांना पटवता येतं."

"मागच्या वेळी पटलं नव्हतं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पटलं होतं," ते म्हणाले.

अण्णांनी यंत्र ठेवून घेतलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. नाही म्हणायलाही अंगात थोडी धग लागते. ती कधीच विझली होती. हे नवं यंत्र मुठीएवढं होतं. काही लिहायची भानगड नव्हती. माप घेतलं की बारीकसा आवाज व्हायचा आणि आकडा परस्पर संस्थेत पोचायचा. जुनी गिऱ्हाइकं अण्णांचं मन मोडायला नको म्हणून दंड पुढे करत, पण कुणी आकडा विचारत नसे. एकाने तर पट्टा बांधत असताना डोळे मिटून घेतले.

सुटीच्या दिवशी अण्णा यंत्र घेऊन दादांकडे गेले. आधी दाढी केली. मग डाव्या दंडाला पट्टा बांधला. दादा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आवाज झाला, आकडा गेला. अण्णांनी पट्टा सोडवला आणि दंडावर उठलेला वळ चोळला.

वहिनी हात पुसत दारात उभ्या होत्या.

"माझंही बघता का, भावोजी?"

"का? काही होतंय?"

"तसं काही नाही. सकाळी उठताना जरा गरगरतं. यांना उचलून उचलून असेल."

त्या दादांच्या पायाशी, खाटेच्या कडेवर टेकल्या आणि बाही वर केली. दंड केवढासा राहिला होता. पट्टा पार शेवटपर्यंत आवळावा लागला. पट्टा फुगत असताना त्या सांगत होत्या, की पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून यांना दिवसातून कितीदा तरी वळवावं लागतं, शेजारीण कधी हात लावते, पण तिलाही तिचं घर आहे. बाजारातल्या भाज्यांबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या.

यंत्रावर आकडा उमटला. दादांना सलूनमध्ये पहिल्यांदा पट्टा बांधला त्या दिवशीच्या आकड्याहून तो वरचा होता. बारीकसा आवाज झाला आणि आकडा निघून गेला.

"किती आहे?"

अण्णांनी पट्टा सोडवायला घेतला. आपण इथे बसतो, तुम्ही रुग्णालयात जाऊन या, असं म्हणता आलं असतं. एकदा म्हणता आलं असतं, दोनदा. रांग दर खेपेची होती, गोळी रोजची, आणि तीही जन्मभर. त्यांनी तोंड उघडलं.

"बरं आहे," ते म्हणाले.

वहिनींनी बाही खाली ओढली. मनगटापर्यंत नीट सारखी केली.

"आकडा नाही सांगितलात."

अण्णांना वर बघवेना. वहिनी खाटेचा आधार घेऊन उठल्या, क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि दादांच्या खांद्याखाली हात घातला.

"त्या बाजूनं धरा जरा," त्या म्हणाल्या.

अण्णांनी धरलं. दोघांनी मिळून दादांना कुशीवर वळवलं.