बरा झालेला मुलगा

कॉलेजातल्या समुपदेशक बाईंना पोरं पाठीमागे 'उतारा मॅडम' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं हसूही यायचं. नशा करणारी पोरं आपण होऊन खोलीत येतात ना, मग काय हवं ते म्हणोत! खोली जिन्याखाली, खेळाच्या सामानाला लागून. आत बोललेलं बाहेर जात नाही, एवढ्या एका भरवशावर तिचा कारभार चालायचा.

फुटबॉल संघाचा कप्तान असाच एका दुपारी दारातून डोकावला. आधी दारू, मग गोळ्या. मैदानावर पाय लटपटायला लागले तेव्हा घाबरला. बाईंनी त्याला डॉक्टरांकडे नेलं, समोर बसवून बोलतं केलं. मध्ये दोनदा घसरला, पण दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितलं. वर्ष सरता सरता पोरगा माणसात आला.

मग प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. "तुमचं समुपदेशन केंद्र बंद करा म्हणतायत वरचे. बरा झालेला एखादा मुलगा वार्षिक समारंभात बोलला, तर त्यांची तोंडं बंद होतील."

बाईंनी कप्तानाला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

तो नाही म्हणणार नाही, हे बाईंना विचारायच्या आधीच माहीत होतं. तरी विचारलं.

भाषण झकास झालं. टाळ्या थांबेनात. प्राचार्यांनी पाठ थोपटली, कॉलेजनं व्हिडिओ जगभर केला, केंद्र वाचलं.

पुढे नोकरीच्या मुलाखती आल्या. कप्तान शेवटच्या फेरीपर्यंत पोचला. तिथे साहेब गोड हसून म्हणाले, "तुमचं भाषण पाहिलं. धाडसाचं कौतुक वाटलं. पण आमच्याकडे यंत्रांवरचं काम आहे, जोखीम नको." दुसऱ्या कंपनीनं तर कारणही सांगितलं नाही. मैदानावर पोरं त्याला पाण्याची बाटली देताना डोळा मारायची. तो बाईंच्या खोलीत यायचा बंद झाला.

बाई प्राचार्यांकडे गेल्या. "तो व्हिडिओ काढून टाका."

"अहो, त्याच्यामुळेच तर तुमची नोकरी टिकली!"

बाई खुर्चीवरून उठल्या. त्या तडक कप्तानाच्या घरी गेल्या. त्याच्या आईनं दार अर्धवट उघडलं.

"आहे आत. पिऊन पडलाय."

"मी जरा बोलू त्याच्याशी?"

"तुमच्याशी बोलला म्हणून तर ही वेळ आली! हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत माझ्या पोराला. चारचौघांत त्याची लाज मांडलीत. घरातलं दुखणं होतं, आम्ही निस्तरलं असतं."

"ताई, चूक माझी..."

आतून जड आवाज आला, "आई, कोण आलंय?"

"कोणी नाही रे," आई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. पुन्हा बेल वाजवायला हात काही उचलला जाईना.