लाजेच्या तुकड्याच्या अकरा फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना फिरता पाट आहे. मेलबर्नमध्ये बून तेक यांची मलेशियन खाणावळ आहे. तिथे खिडकीजवळच्या मोठ्या गोल टेबलाच्या मधोमध माझी जागा. सगळ्या ताटल्या माझ्यावर मांडतात, आणि ज्याला जे हवं ते तो मला फिरवून आपल्यापुढे आणतो.

माझा जन्म काही थोर घराण्यातला नाही. बून तेक यांच्या मेव्हण्याने शाळेचं एक टाकून दिलेलं दार कापून मला घडवलं आणि माझ्या पोटाखाली भंगारातल्या मोटारीचं बेअरिंग बसवलं. पंचवीस वर्षं मी फिरतोय, पण हे टेबल सोडून वीतभरही कुठे गेलेलो नाही.

कोण मला कसा फिरवतो, यावरून मी माणूस ओळखतो. कुणी दुसऱ्याचा चमचा ताटलीत असतानाच मला ओढतो. कुणी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत आवडती ताटली बरोबर आपल्यापुढे थांबवतो. पण इथे जेवायला येणाऱ्या, मूळच्या मलेशियातल्या पिनांगच्या मंडळींची खरी परीक्षा शेवटच्या तुकड्याला होते. ताटलीत एकच तुकडा उरला, की त्याला कुणी हात लावत नाही. त्याला ते 'पाइसे' म्हणतात. पैशांशी त्याचा काही संबंध नाही, तो लाजेचा तुकडा! हवा सगळ्यांना असतो, पण बघतात सगळे छताकडे. मी बिचारा त्याला घेऊन गरगरत राहतो.

एक गृहस्थ मात्र याला अपवाद होते. घरचे त्यांना आकोंग म्हणायचे, म्हणजे आजोबा. बायकोचा, म्हणजे आमाचा, वाढदिवस ते दरवर्षी माझ्याच टेबलावर करायचे. लोण्यात परतलेली शेवटची कोळंबी उरली, की आकोंग ती खुशाल उचलायचे. "लाज मी पिनांगलाच ठेवून आलो," ते म्हणायचे. "सामानात मावली नाही!" बावीस वर्षं हाच विनोद. आमा दर वेळी म्हणायची, "अय्यो, म्हाताऱ्या, चारचौघांत तरी नीट वाग!" आणि दर वेळी हसायची.

त्यांचा जावई कॅलम इथलाच, ऑस्ट्रेलियन. पहिल्याच जेवणात त्याने भाबडेपणाने शेवटचा तुकडा उचलला. त्याच्या बायकोने, ली पेंगने, टेबलाखालून अशी लाथ हाणली की माझ्यावरचा चहा सांडला. त्यानंतर बारा वर्षं कॅलमने शेवटच्या तुकड्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

पुढे माझं वय झालं. बेअरिंग गंजलं, मी कुरकुरायला लागलो. गिऱ्हाइकं दोघं-दोघं येऊ लागली. माझ्यावर कागदी रुमालांचे गठ्ठे रचले जाऊ लागले. बून तेक एकदा म्हणाले, "आमाच्या घरचे येतात म्हणून हे टेबल ठेवलंय. ते यायचे थांबले, की काढून टाकीन."

मग आकोंग वारले. वर्षभर त्या घरचं कुणी फिरकलं नाही. यंदा आमाला ऐंशी वर्षं पूर्ण झाली, म्हणून ली पेंग तिला दुपारच्या जेवणाला जवळजवळ ओढूनच घेऊन आली.

आमाने बसल्या बसल्या सांगून टाकलं, "हे शेवटचं हं. पुढच्या वर्षी घरीच दोन अंडी उकडा, झालं."

"मा, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. इथे बसलं की सारखं त्या खुर्चीकडे लक्ष जातं."

बून तेक किटली घेऊन मागेच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय ते समजलो.

वाढदिवसाच्या लांब शेवया झाल्या, मासा झाला. शेवटी ताटलीत एक कोळंबी उरली.

"मा, घे ना."

"मला नको. कॅलमला दे."

"माझं पोट भरलंय," कॅलम म्हणाला. नजर मात्र कोळंबीवर होती.

मी फिरू लागलो. एक फेरी, दोन फेऱ्या... अकरा झाल्या. जो तो मला पुढे ढकलून छताकडे बघे. कुरकुर तेवढी माझीच. रिकाम्या खुर्चीसमोरून कोळंबी गेली, की आमा मान खाली घालायची.

बाराव्या फेरीला कॅलमने घसा खाकरला आणि हात पुढे केला. त्यासरशी ली पेंगचा पाय सवयीने उठला. पण नेम चुकला! लाथ बसली टेबलाला. मी हादरलो, अर्धी फेरी कुरकुरत गेलो आणि थांबलो तो थेट आमापुढे.

"अगं, आज मी आकोंगच्या वतीने उचलत होतो!" कॅलम कळवळून म्हणाला.

"मला काय स्वप्न पडलं होतं? पाय आपोआप गेला!"

आमाचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. ऐंशी वर्षांत जे कधी केलं नव्हतं, ते तिने केलं. जेवायच्या काड्यांनी ती कोळंबी उचलली आणि सरळ तोंडात टाकली.

"लाज मी पिनांगलाच ठेवून आले," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"सामानात मावली नाही," ली पेंगने डोळे पुसत पुरं केलं.

"बून तेक!" आमाने हाक मारली. "पुढच्या वर्षी कोळंब्या जरा मोठ्या घाल. आणि या पाटाला तेल दे. माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरतो मेला!"

मित्रांनो, मला त्याच दुपारी तेल मिळालं. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. जुन्या वस्तूंवर आणि जुन्या माणसांवर गठ्ठे रचू नका, अधूनमधून त्यांच्याभोवती जेवायला बसा. आणि ताटलीत एकच तुकडा उरला, तर कुणीतरी लाज सोडा. अकरा फेऱ्यांनी म्हाताऱ्याला दम लागतो हो!